संत्री परत आली

बार्जवरून, पेद्रा मांसा
जानेवारीची अखेर

प्रिय निल्दो दादा,

पंपात कुणाची तरी चप्पल अडकली आहे. ती निघेपर्यंत मला काम नाही, म्हणून लिहायला बसले. निळ्या पट्ट्याची, लहान मुलाच्या मापाची, एकच. पाण्यावरचं तेल ओढून घेणारं एवढं मोठं यंत्र, आणि ते एका चपलेपुढे हात टेकतं. सध्या आम्ही तेलापेक्षा कचऱ्याशीच जास्त झगडतोय. आधी बाटल्या, शहाळी, थर्माकोल, फुटके क्रेट जाळीनं उचलायचे, मगच तेलाला हात घालायचा. क्रम चुकला की पंप खोकतो आणि गप्प होतो. काल फ्रिजचं एक दार वाहत आलं. आतल्या अंडी ठेवायच्या खाचा जशाच्या तशा होत्या.

तुझा पत्ता रुतेवहिनीच्या भावाकडून मिळवला. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याला बराच त्रास दिला. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद फाडून टाकायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो. तू तिकडे सेर्रिन्याला दोरांच्या कारखान्यात आहेस हेही त्यानंच सांगितलं. आमच्या बार्जवर घायपाताचे जाड दोर येतात ते तिकडचेच असतात. गाठ मारताना अधूनमधून तुझी आठवण येते, असं लिहिणार होते. पण खरं सांगायचं तर दर गाठीला येते.

मी उठून बाहेर जाऊन आले. वारा अजून आग्नेयेकडूनच आहे. हे मी सारखं बघते. जेवताना उठते, झोपेतून उठते, कुणी बोलत असलं तरी नजर झेंड्याकडे जाते. आमचे ओताव्हियो साहेब म्हणतात, "जासीरा, तू वाऱ्याकडे असं बघतेस जणू तो तुझं काहीतरी घेऊन पळालाय." मी म्हटलं, वारा बदलला की तरंगता पट्टा सैल पडतो, म्हणून बघते. ते खरंही आहे. हा पट्टा म्हणजे पाण्यावर तरंगणारं लांबच लांब कुंपण, वर फुगवलेली नळी आणि खाली वजन लावलेला पडदा. तेल अडवायचं ते यानंच.

झालं ते असं. जानेवारी लागला आणि धक्क्यावरच्या एका मालवाहू जहाजात इंधन भरताना नळी फुटली. जहाजांचं इंधन डिझेलसारखं पातळ नसतं. गुळाच्या पाकासारखं असतं, काळं, आणि वासानं डोकं धरतं. ते बंदराच्या आत होतं तोवर ठीक होतं. प्रश्न ओहोटीचा होता. ओहोटीबरोबर ते बाहेर पडणार आणि कुठल्या तरी किनाऱ्याला लागणार. आमच्याकडे पट्टा एकच, पुरेल तो एकाच किनाऱ्याला. ऑफिसातल्या नकाशात ओहोटीचा बाण बंदराच्या तोंडातून सरळ उपसागराच्या मध्याकडे आणि तिथून पलीकडच्या खारफुटीकडे गेलेला. साहेब म्हणाले, पट्टा खारफुटीला लावा. मी तारीख बघितली. नकाशा बंदराची समुद्रात गेलेली नवी भिंत बांधायच्या आधीचा होता.

तेल कुठे जाणार हे कळायचं असेल तर आम्ही संत्री टाकतो. हसू नकोस. संत्रं तेलासारखंच पाण्याला चिकटून वाहतं, वारा त्याला फारसा उडवत नाही, रंगानं लांबून दिसतं, आणि हरवलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. मी बाजारातून दोन पोती आणली. एक पोतं भिंतीच्या टोकाला रिकामं केलं. दुसरं थोडं पुढे, आपल्या खडकापाशी. तिथून का, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, दोन ठिकाणांहून टाकलं की मोजणी पक्की होते. तेही खरंच होतं.

तुला वाटेल संत्री समुद्राकडे गेली असतील. आधी गेलीही. मग भिंतीच्या आडोशाला आल्यावर त्यांचा वेग मंदावला, ती रेंगाळली, आणि सगळी वळून आपल्या वाळूकडे निघाली. रांगेनं, शाळा सुटल्यासारखी. भिंतीच्या टोकाची आणि खडकापाशी सोडलेली, दोन्ही. दुपार कलायच्या आत किनाऱ्यावर नारिंगी रेघ उमटली होती. शिंपल्या काढणाऱ्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या पायांत येऊन संत्री लागायला लागली. क्लेउझानं एक उचलून साल सोलली आणि ओरडली, "काय गं जासीरा, शहरात जाऊन हेच शिकून आलीस? समुद्राला फळं चारायची?" दुसरी म्हणाली, "सरकारी असणार, सरकारी! म्हणून तर आंबट आहेत." पोरींनी स्कर्टचे ओचे करून भरून घेतली. कुणीतरी विचारलं, उद्या आंबे टाकणार का, म्हणजे टोपल्या घेऊन येऊ. मी घड्याळ आणि अंतर लिहून घेत होते, पण मलाही हसू येत होतं.

मग क्लेउझा म्हणाली, "नाकारलीन गं समुद्राच्या आईनं! निल्दोच्या टोपलीसारखीच धाडलीन परत!"

बोलून गेली आणि तिनंच जीभ चावली. बाबा तिथं होते. बोटीच्या सावलीत जाळं विणत बसले होते. सगळ्या एकदम पाण्यात वाकल्या, जणू शिंपल्यांचं फार तातडीचं काम निघालं होतं. बाबा उठले, वाळूवरून एक संत्रं उचललं, तळहातावर फिरवून बघितलं. मग भिंतीकडे बघितलं, खडकाकडे बघितलं, आणि संत्रं खिशात घालून घरी गेले. त्यांनी ते खाल्लं नाही. अजून देव्हाऱ्यापाशी आहे, सुकून लिंबाएवढं झालंय.

टोपलीच्या त्या दिवशी मी इथं नव्हते, दादा. साल्वादोरला माझी परीक्षा होती. म्हणून मला ठाऊक आहे ते सगळं ऐकीव, आणि ते ज्यानं-त्यानं आपापल्या सोयीनं सांगितलेलं. दोन फेब्रुवारी, येमांजाचा, समुद्राच्या आईचा दिवस. वस्तीची टोपली नेहमीसारखी भरलेली: पांढरी फुलं, कंगवे, आरसा, अत्तराच्या बाटल्या, सगळ्यांच्या मागण्यांच्या चिठ्ठ्या. पुढच्या बोटीत नेहमीसारखे दोघंच, सुकाणूवर तू आणि पुढच्या टोकाला टोपली धरून बाबा. खडकापाशी टोपली सोडली, ढोल वाजले, सगळे परत आले, नाचले, जेवले. आणि सकाळी टोपली आपल्याच बोटींच्या मधे वाळूवर पालथी पडलेली. आईनं ठेवून घेतली नाही. बापजाद्यांच्या काळातसुद्धा असं कधी झालं नव्हतं.

मग कारण शोधणं आलं, आणि कारण घरातच सापडलं. तू त्याच वर्षी रुतेवहिनीला आणलं होतंस, आणि ती प्रार्थनाघरात जाणाऱ्यांतली, ढोलाच्या आवाजाला दार लावून घेणारी. सुकाणू धरणाऱ्याच्या घरात आईला न मानणारी बाई, मग आई टोपली कशी घेणार? मी परीक्षेहून आले तेव्हा सगळ्यांचं एकमत झालेलं होतं. वहिनीनं अंगणात वाळत घातलेल्या चादरी कुणीतरी वाळूत लोळवल्या होत्या. तू कुणाला एक शब्द बोलला नाहीस. बोट उपडी करून ठेवलीस आणि पहिल्या बसनं तिला घेऊन गेलास. मी तुझ्यावर फार रागावले होते. भांडला असतास तर मी तुझ्या बाजूनं उभी राहिले असते. तू ती संधीच दिली नाहीस. त्यानंतर वस्तीनं स्वतःची टोपली सोडलीच नाही. दर वर्षी शहरातल्या मोठ्या उत्सवाला जातात आणि परक्या बोटींत फुलं ठेवून येतात.

पंप सुरू झाला होता, मधे जाऊन आले. चप्पल मी फेकली नाही, कठड्यावर वाळत ठेवलीय. का, ते विचारू नकोस.

पट्ट्याचं सांगायचं राहिलं. संत्री बघितल्यावर मी साहेबांना सांगितलं की पट्टा खारफुटीला नको, पेद्रा मांसाला लावा. ते म्हणाले, "तुझं घर तिथं आहे म्हणून?" मी त्यांच्यापुढे वेळा आणि अंतरं ठेवली. ते वाचून साहेब म्हणाले, "लाव. पण तेल पलीकडे गेलं तर खारफुटीला उत्तर तू द्यायचं." आम्ही पट्टा लावला, प्रवाहाला आडवा नाही, तिरका. आडवा लावला की पाणी जोर करतं आणि तेल खालून निसटतं. तिरका लावला की तेल पट्ट्याच्या कडेकडेनं घसरत कोपऱ्यात जमतं आणि तिथून ओढता येतं. संध्याकाळच्या ओहोटीला ते आलं. भिंतीच्या टोकाला वळसा घालून, संत्र्यांच्याच वाटेनं, काळं आणि संथ. मी आयुष्यात तेल येताना बघून कधी खूश झाले नव्हते. उत्तरेकडची थोडी वाळू खराब झाली, ती आम्ही फावड्यानं उचलली. शिंपल्यांची जागा वाचली.

दुसऱ्या दिवशी क्लेउझा बादलीभर साबणाचं पाणी घेऊन आली. म्हणाली, "दें-देचं लाल पामतेल लागलेली कढई मी अर्ध्या मिनिटात लख्ख करते, हे काय त्याच्याहून चिवट आहे? बाजूला हो, मी ओतते." मी बादली धरली. साबणानं तेल फुटतं, दिसेनासं होतं, पण जात नाही. खाली उतरतं आणि शिंपल्यांवर बसतं, आणि मग ते कुणालाच काढता येत नाही. म्हणून वर आहे तोवर, घाण दिसतेय तोवरच काढायचं. ती म्हणाली, "म्हणजे दिसतंय हेच बरं म्हण की!" मी म्हटलं, हो. बाबा तेव्हा माझ्या मागे उभे होते. वस्तीतल्या लोकांना आम्ही कचरा काढायच्या कामावर घेतलंय, त्यांत तेही आहेत.

त्याच दुपारी छोट्या बोटीत आम्ही दोघंच होतो. ते लांब दांड्याच्या जाळीनं बाटल्या उचलत होते, मी पट्ट्याचे सांधे तपासत होते. त्यांनी एक प्लास्टिकचं टोपलं उचललं, तेल निथळू दिलं, बोटीत टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं."

मी विचारलं नाही कोणी. म्हटलं, बाबा, हातमोजे घाला.

त्यांनी घातले नाहीत. म्हणाले, "खडकापाशी आलो आणि त्यानं सुकाणू सोडून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, बाबा, इथं पाणी फिरतंय, सुकाणूच्या दांड्यात जाणवतंय मला, यंदा भिंत झाल्यापासून फिरतंय. टोकाच्या पुढे नेऊ. मी म्हटलं, टोपली खडकापाशीच सुटते. माझ्या आज्यानं इथं सोडली, तू मला शिकवणार? तो गप्प बसला. सकाळी ती वाळूवर आली तेव्हाही माझ्याकडेच बघत होता. मी बोलेन म्हणून."

मग बराच वेळ जाळी पाण्यातच धरून बसले. मी एक सांधा पुन्हापुन्हा घट्ट करत राहिले. तो आधीच घट्ट होता.

तुला पाणी वळतंय हे कळलं होतं, हे मला संत्री बघूनच समजायला हवं होतं. लहानपणी डोळे मिटून तू भरती किती चढली ते सांगायचास. त्या खडकापाशी सुकाणू धरणाऱ्या माणसाच्या हाताला वळसा लागला नाही, असं होऊच शकत नाही. वस्तीनं तुझ्या बायकोचं नाव घेतलं तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर सगळे बाबांकडे वळले असते. तू ते वाक्य गिळलंस आणि बस पकडलीस. मला हे पटलेलं नाही, हे स्पष्ट लिहिते. वहिनीला विचारलं होतंस का? तिच्या चादरी होत्या त्या.

टोपलीचं शेवटी ठरवायचं ते झुल्मिरा माईंनीच, म्हणून परवा त्यांच्या अंगणात वस्तीची बैठक झाली. माई आता काठीशिवाय चालत नाहीत, पण आवाज तोच आहे. म्हणाल्या, तेल आपल्या दारातून परत गेलं, यंदा टोपली आपली निघणार. टोपली धरायला बाबाच. मग मला पुढे बोलावून म्हणाल्या, "इंजिनिअरबाई, तुझ्या फळांचं काय ते सांग एकदा सगळ्यांना." मी जमिनीवर भिंत काढली, खडक काढला, वळसा काढला. मागून कुणीतरी म्हणालं, म्हणजे आईनं नाकारली नव्हतीच, भिंतीनं नाकारली. माईंनी काठी आपटली. "भिंत असो नाहीतर वळसा, पाणी तिचंच आहे. तिच्या मनातलं मला सांगू नका. मला एवढंच सांगा, त्या बोटीत पाण्याचं कुणाला कळलं नव्हतं का?"

आणि बाबा उठले. आपले बाबा, दादा, जे बैठकीत कायम बसूनच बोलतात. टोपी काढून हातात धरली. म्हणाले, "सुकाणूवाल्याला कळलं होतं. मी ऐकलं नाही. आणि नंतर तुम्ही माझ्या सुनेला बोल लावलेत तेव्हा मी तोंड उघडलं नाही." क्लेउझा रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, "चादरी मी लोळवल्या होत्या." कुणीतरी तिला म्हणालं, ते सगळ्यांनाच माहीत होतं, तूच एकटी इतकं मन लावून लोळवू शकतेस. तेव्हा जे हसू फुटलं ते थांबेना. मला मात्र हसता आलं नाही. मी उठून वारा बघायला गेले.

मागून माई विचारत होत्या, "मग यंदा सुकाणूवर कोण?" बाबांचं उत्तर मी अंगणाच्या कडेला उभी राहून ऐकलं. म्हणाले, "तो नसेल तर बोट निघणार नाही. टोपली इथंच राहील." माई म्हणाल्या, "आणि त्याची बायको?" बाबा म्हणाले, "तिला वाटलं तर ती किनाऱ्यावर उभी राहील, नाही वाटलं तर घरात. दार लावून घेतलं तर बाहेर मी बसेन. चादरींना कुणी हात लावणार नाही." माई म्हणाल्या, त्या मुलीला सांगा नाचायची सक्ती नाही, पण तिच्या हातचा मक्याचा केक एकदाच खाल्ला होता, तो घेऊन ये म्हणावं.

म्हणून हे पत्र. बाबा स्वतः लिहिणार नाहीत. रोज सकाळी मी कामावर निघाले की विचारतात, पोस्ट किती वाजता निघतं, आणि मी सांगितलं की मान हलवून आत जातात. त्यांनी बोट सरळ केलीय, खरवडलीय, निळा रंग दिलाय. सुकाणूचा दांडा तेवढा रंगवलेला नाही. तुझ्या पंजानं झिजलेली जागा तशीच ठेवलीय. मी विचारलं तर म्हणाले, रंग पुरला नाही. डबा अर्धा भरलेला आहे, मी बघितला. दोन तारखेला ओहोटी सुरू होताना मी आमचा पट्टा बोट जाण्याएवढा उघडेन, त्यासाठी साहेबांची परवानगी घेतली आहे. तोवर कोपऱ्यातलं तेल पुरतं निघालं पाहिजे, म्हणून मी इथून हलत नाही. भिंतीच्या टोकापुढे टोपली कुठं सोडायची हे माझ्या नव्या नकाशात आहे. बाबांना दाखवलं तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, कागद राहू दे, निल्दो सांगेल कुठं ते. टोपलीत मीही एक चिठ्ठी घालणार आहे. मी यातलं काही मानत नाही हे तुला माहीत आहे. काय लिहिलंय ते विचारू नकोस. पहिल्या बसनं गेला होतास, पहिल्या बसनंच ये. दोघं या.

तुझीच, झेंड्याकडे बघत बसलेली,
जासीरा